विरजणाची घागर

अच्युत रंगाऱ्याने रायपूरच्या बुढा तलावाच्या काठी निळीचा पहिला रांजण जमिनीत पुरला. अच्युताच्या मारोतीने त्या एका रांजणावर घराण्याचे नाव उभे केले. सदर बाजारातला एकही कापडवाला त्याच्या दाराशी आल्यावाचून राहिला नाही. मारोतीच्या पांडुरंगाने पुढे रांजण मोडीत काढले, पुडीच्या रासायनिक रंगांसाठी लोखंडी पिंपे आणली आणि तलावाकाठचा बुढापारा मोहल्ला सोडून भनपुरीच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली कारखाना बांधला. त्या पांडुरंगाची थोरली लेक गोदावरी. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती माहेरी परतली, ती रडत बसायला नव्हे, बापाच्या शेजारी उभी राहायला. बाप गेला, मागोमाग भाऊ गेला, आणि कारखान्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या, त्या कायमच्या.

सत्तरी ओलांडल्यावरही गोदावरीबाई रोज सकाळी फाटकातून आत शिरत, तेव्हा बिडी ओढणारा बिडी विझवत असे आणि बसलेला उठून उभा राहत असे. सुताच्या ओल्या लडीला नुसता अंगठा लावून रंग बसला की नाही हे त्या सांगत. त्यांचा शब्द मोडण्याची कोणाची छाती नव्हती, आणि त्यातच सारा घात झाला.

खंडेनवमीचा त्यांचा एक नियम होता. पूजेच्या आदल्या दिवशी कारखान्यातले प्रत्येक पिंप, प्रत्येक हौद रिकामा करायचा, ब्लीचिंग पावडरने घासायचा आणि कोरडा पाडायचा. पूजेला बसणारी वस्तू अंघोळ करूनच बसली पाहिजे. मागच्या वर्षाचे पाणी पुढच्या वर्षात शिरता कामा नये. हा नियम अच्युतापासून चालत आला होता आणि गोदावरीबाईंनी तो एकदाही चुकू दिला नव्हता.

त्या वर्षी मात्र कारखान्यात नवे हौद होते. भावाची मुलगी यामिनी रसायनशास्त्र शिकलेली. तिने हट्ट धरून ते बांधून घेतले होते. हट्टाला कारणही तसेच होते. कारखान्याचे रंगीत पाणी वर्षानुवर्षे मागच्या नाल्यात जाई आणि नाला खालच्या गावाच्या तळ्यात जाई. एके दिवशी त्या गावची एक बाई आली. तिने गोदावरीबाईंच्या टेबलावर तान्ह्या मुलाचे ओले झबले ठेवले. झबले पांढरे होते, ते गुलाबी झाले होते. ठेवले आणि ती निघून गेली. त्याच उन्हाळ्यात कारखान्याची बोअरवेलही आटली. वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरल्याखेरीज दुसरा मार्गच उरला नाही.

पाण्याची वाट अशी होती. रंगवून उरलेले पाणी पहिल्या हौदात जमायचे. तिथे चुना आणि हिराकस टाकून त्यातला जड मळ खाली बसवायचा. वरचे पाणी दुसऱ्या हौदात जायचे. या दुसऱ्या हौदात खालून अखंड हवा सोडलेली असे आणि चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ गरगरत असे. त्यातून पाणी निवळून निघाले की पुढे वाळू, मग कोळसा, आणि मग ते पुन्हा रंगाच्या पिंपात. यामिनी त्या दुसऱ्या हौदाला ‘जिवंत हौद’ म्हणत असे. ही शिकलेल्या मुलींची बोलण्याची तऱ्हा असावी, असे समजून गोदावरीबाईंनी त्या शब्दाकडे कधी लक्ष दिले नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी यामिनी नवा रायपूरला सरकारी कचेरीत गेली होती. तपासणीची तारीख आणायची होती. दिवाळीपूर्वी प्रदूषण मंडळाचे अधिकारी येऊन पाण्याचा नमुना घेणार होते. पाणी रंगीत निघाले तर वीज तोडून कारखान्याला कुलूप लावणार होते. ही शेवटची संधी होती.

इकडे पिंपे घासून झाली. पिंपांची मुकादमीण कलावती दुसऱ्या हौदाच्या कठड्याशी येऊन थबकली.

“बाई, हा पण? यामिनी दीदी बोलली होती, इसको हात नहीं लगाना.”

“नवमीची पूजा यामिनी करते का मी? हौद हाय न तो?”

“हव बाई.”

“मंग घासा.”

घासला. तपकिरी गाळ उपसून उन्हात टाकला, त्यावर चुना पसरला. हौदाचा तळ असा लखलखला की गोदावरीबाईंनी स्वतः खाली वाकून त्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि झेंडूची माळ कठड्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी यामिनी आली. हातात तारखेचा कागद होता. हौदाशी येऊन ती उभी राहिली आणि आत वाकून पाहू लागली.

“आत्या, गाळ कुठं गेला?”

“कोणता गाळ?”

“यातला.”

“फेकला. कुजून राहिला होता नुसता. बाया नाकाले पदर लावून काम करून राहिल्या होत्या.”

यामिनी कठड्यावर बसली. संताप झाला की तिची मराठी सुटत असे. “वो कचरा नहीं था, आत्या. रंग वही खाता था. उसमें जिवाणू थे, जिंदा. पूरी गरमी लगी मुझे उनको पालने में.”

“दिसत तं काही नव्हतं.”

“दिखते नहीं हैं वो.”

“बरं. मंग पुन्हा पाल. गूळ घे, शेण घे, लागतील तितके मजूर घे. येवढं तोंड उतरवाचं काहून?”

यामिनीने तारखेचा कागद त्यांच्या हातात दिला. गोदावरीबाईंनी तो वाचला आणि घडी घालून कमरेला खोवला. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. पण त्या दिवशी पूजेचा प्रसाद वाटायला त्या उठल्या नाहीत.

गूळ आला, शेणाच्या पाट्या आल्या. हौद आंबला, फसफसला, त्याला दुर्गंधी सुटली. पाणी मात्र लालच्या लाल राहिले. ते लाल पाणी वाळूतून लाल निघाले, कोळशातून लाल निघाले, आणि कोळसा गच्च होऊन बसला. तेच पाणी पिंपात घेऊन सूत रंगवले, तर पिवळ्या लडींवर ढगांसारखे डाग उठले. सदर बाजारच्या व्यापाऱ्याने माल परत पाठवला, आणि निरोप इतका आदराने पाठवला की शिवी परवडली असती.

काम थांबवावे लागले. पहिला हौद काठोकाठ भरला होता. दुसरा भरला होता. रिकामी पिंपेसुद्धा लाल पाण्याने भरून ठेवली होती. आणखी एक लडही रंगवायची सोय उरली नव्हती, कारण ती धुतलेले पाणी ठेवायला जागा नव्हती. बाया सकाळी कामावर येत आणि छपराखाली बसून राहत. घरी जा म्हटले तरी कोणी जात नव्हते. गेले तर कारखाना संपला हे जणू आपणच कबूल केल्यासारखे होईल, असे प्रत्येकीला वाटत असावे. गोदावरीबाई समोरून गेल्या की त्या उठून उभ्या राहत, पूर्वीसारख्याच. ते उठणे आता बाईंना सोसत नसे.

शेवटी कलावती जवळ आली. खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, एक बार नाले में छोड़ देते हैं. सब खाली हो जाएगा. कोणाला कळते?”

यामिनी तिथेच होती. तिनेही आत्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात ‘नाही म्हणा’ असे नव्हते. शिकलेली, तळ्यासाठी साऱ्या घराशी भांडलेली मुलगी या थराला आलेली पाहून गोदावरीबाई नाल्याकडच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या.

“तो नाला कोनाच्या दारात जाते, मले ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “ते झबलं अजून माझ्या कपाटात हाय. नाल्याकडं कोनी फिरकलं तं माझ्याशी गाठ हाय.”

हुकूम सोडला खरा, पण त्यानंतर काय, हे त्यांना माहीत नव्हते. आयुष्यात प्रथमच त्यांच्या हुकुमामागे काही उरले नव्हते.

गोदावरीबाई दुसऱ्या हौदाशी गेल्या. काय करावे हे न सुचून त्यांनी लहानपणी आजोबा करीत तसे केले: करंगळी पाण्यात बुडवली आणि नाकाशी नेली. मारोती आजोबा रोज सकाळी निळीच्या रांजणाचा असा वास घेत. रांजण जिवंत असला, म्हणजे आतली नीळ नीट आंबत असली, की वास गोडूस आणि उग्र यायचा. मेलेला असला की नुसता कुजका. हा वास नुसता कुजका होता.

आणि करंगळी नाकाशी असतानाच त्यांना ती नवमी आठवली.

बुढापाऱ्याचे अंगण. सारे रंगाचे माठ घासून पालथे घातलेले. फक्त निळीचा रांजण तसाच, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला, भरलेला. आजोबांनी त्याच्या तोंडावर जाड सुती पासोडी अंथरलेली आणि काठावर हळदकुंकू वाहिलेले. लहानग्या गोदीने विचारले होते, याची अंघोळ काहून नाही? आजोबा म्हणाले होते, “याची अंघोळ म्हणजे याचं मरण, पोरी. जितं असते ते धुवाचं नसते. झाकाचं असते.”

पुढे रांजण गेले, पुडीचे रंग आले. पासोडी अंथरायला काही उरलेच नाही, म्हणून ती गोष्ट कोणाला सांगायचे कारण पडले नाही. घासायचा नियम तेवढा राहिला. जो नियम त्यांनी जन्मभर जिवापाड सांभाळला, त्याची अर्धी बाजू त्यांनी आपल्याच डोक्यात कुजू दिली होती.

त्या यामिनीकडे वळल्या. “मेलेल्या रांजणाले गूळ घालून काही होत नाही. विरजण लागते. जित्या रांजणातलं.”

यामिनीने मान वर केली. “बराबर वही लगता है. पर आपको कैसे मालूम?”

“निळीच्या रांजणाचं असंच असे. नवमीले तो घासत नव्हते.”

“म्हणजे आपको मालूम था.”

“मालूम होतं.”

यामिनी भांडली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे, मराठीत म्हणाली, “शहराच्या गटारपाण्याचा गाळ मिळेल, पण तो चालणार नाही, आत्या. त्याला रंग खायची सवय नाही. सवय लावायला दिवस लागतात, तेवढे दिवस आपल्याकडे नाहीत. रंगाच्याच कारखान्यातला पाहिजे. आणि जवळपास तसा जिवंत हौद एकच आहे.”

कोणाचा, हे गोदावरीबाईंनी विचारले नाही. नरहरीचा.

बुढापाऱ्यात रंगाऱ्यांची घरे दोनच होती, एक यांचे आणि दुसरे नरहरीचे, आणि त्या दोन घरांत एक रीत होती. एकाचा रांजण मेला तर दुसऱ्याने आपल्या जित्या रांजणातले विरजण द्यायचे. त्याला पैसा घ्यायचा नाही, धान्य घ्यायचे नाही. ज्याने घेतले त्याने, समोरच्याची वेळ येईल तेव्हा, तेवढेच विरजण परत करायचे. मग ती वेळ नातवाच्या काळात का येईना. परत करताना पहिली घागर स्वतःच्या डोक्यावरून न्यायची. आणि ज्याला मिळाले त्याने ती घागर चिंचेने घासून रिकामी परत पाठवायची. एरवी कोणाचे भांडे रिकामे धाडत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. पण या घागरीत दाणाही ठेवायचा नाही. काही ठेवले की नवे देणे सुरू झाले.

नरहरीच्या आज्याचा रांजण ऐन लग्नसराईत मेला, तेव्हा मारोतीने आपला अर्धा रांजण उपसून दिला होता. अर्ध्या रांजणावर अर्धेच काम निघाले. कबूल केलेले अर्धे कापड मारोतीने व्यापाऱ्यांना न रंगवता परत केले आणि बोलणी खाल्ली. पुढे अनेक वर्षांनी, एका कडाक्याच्या थंडीत, पांडुरंगाचा रांजण मरायला टेकला. कोणी निरोप धाडला नव्हता. तरी नरहरी, तेव्हा मिसरूड फुटलेला, विरजणाने भरलेली तांब्याची घागर डोक्यावर घेऊन दारात आला. त्यांच्या घराने तोवर पुडीची नीळ वापरायला सुरुवात केली होती. पांडुरंगाने चार माणसांदेखत म्हटले, “पुडी खाल्लेलं विरजण माझ्या रांजणात पडणार नाही,” आणि घागर घेऊन नालीत उपडी केली, भिंतीवर भिरकावली. नरहरी बोडक्या डोक्याने घरी गेला. पांडुरंगाचा रांजण त्याच आठवड्यात मेला, आणि वर्ष सरायच्या आत पांडुरंगाच्या घरीही पुडीच आली. दोन्ही घरांचे बोलणे तुटले ते तुटलेच.

यामिनीने नरहरीचा मुलगा अनिमेष याला फोन केला. तो सभ्यपणे नाही म्हणाला. “दीदी, हमारे यहाँ भी वही लोग आ रहे हैं, उसी हफ्ते. आधा आपको दे दिया, तो हमारा रंग कौन खाएगा?”

त्याचे चुकत नव्हते. म्हणूनच ते ऐकून यामिनी भिंतीशी डोके टेकून बसली आणि उठेना.

गोदावरीबाई सोड्याच्या पोत्यांमागे गेल्या. ती घागर तिथे पालथी पडून होती; पांडुरंगाने ती परतही पाठवली नव्हती आणि वापरूही दिली नव्हती. पदराने धूळ पुसून त्यांनी ती काखेत घेतली आणि ऑटो बोलावला.

“मी येते,” यामिनी म्हणाली.

“काही नको. हे तुझ्या शाळेतलं नाही.”

ऑटो सदर बाजारातून निघाला. स्कूटरींच्या गराड्यात तो खोळंबला, तेव्हा ओळखीच्या सराफाने दुकानातूनच हात जोडले आणि त्यांच्या मांडीवरची पोचा पडलेली घागर पाहून तो हात तसेच जोडून राहिला. गोदावरीबाई ताठ बसून होत्या. मनात एकच विचार फिरत होता: तो नाही म्हणाला तर मी घरी जाऊन त्या बायांना काय सांगू?

नरहरीचा कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. नरहरी आता ऐंशीला टेकलेला. कार्यालयाबाहेर खुर्ची टाकून, चष्मा कपाळावर चढवून तो लडींची गाठोडी तपासत होता.

“या, गोदाबाई,” तो न उठता म्हणाला. “भनपुरीचा रस्ता चुकल्या का?”

“रस्ता बराबर हाय. तुमच्याकडंच आली.”

“बसा मंग. च्या सांगतो.”

“उभीच बरी हाय.”

“तेबी खरं. पांडुरंगकाकाबी कोनाकडं बसत नव्हते.”

मग त्याची नजर घागरीवर गेली. त्याने हातातली लड खाली ठेवली. हात पुढे करून घागर घेतली आणि तिच्या पोटावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

“हे पडलं तवा मी समोर होतो.”

“मीबी होती. दाराच्या मागं.”

नरहरीने वर पाहिले. “तुमी पाहिलं?”

“सारं पाहिलं.”

“मंग एक शब्द काहून नाही बोलल्या?”

“बापापुढं तोंड उघडाची सोय नव्हती तवा. आता उघडून राहिली.” त्यांचा आवाज चढाही नव्हता, पडाही नव्हता. “त्यानं तुमचं विरजण नालीत ओतलं, ते चुकलं. तुमाले बोडक्यानं धाडलं, तेबी चुकलं. आमचा रांजण त्यापायीच मेला. आता माझा हौद मेला. विरजण मागाले आली.”

“हौद कशानं मेला?”

“घासला. नवमीले. मीच घासाले लावला.”

नरहरीच्या तोंडाचे बोळके हळूहळू पसरले. तो खांदे हलवत हसू लागला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. “अवो, आमचे पोट्टेबी बालट्या घेऊन निघाले होते. मी पासोडी आणली, हौदाच्या कठड्यावर टाकली अन् तिच्यावर जाऊन झोपलो. म्हटलं, घासा आता मले.”

तोवर अनिमेष बाहेर आला होता. तो चाळिशीचा, बापासारखाच रुंद कपाळाचा. “आत्याजी, मैंने फोन पे बता दिया था. बाबूजी, हमसे नहीं होगा.”

“देणं हाय आपल्यावर.”

“कैसा देना? आपने तो लौटाया था. उन्होंने नाली में फेंका, हमारा हिसाब उसी दिन खतम.”

तोच मुद्दा गोदावरीबाईंनी रस्ताभर स्वतःशी घोळवला होता आणि प्रत्येक वेळी त्या हरल्या होत्या. घागरीकडे पाहत त्या उभ्या राहिल्या.

नरहरी सावकाश खुर्चीतून उठला.

“तुले वाटते संपलं,” तो मुलाला म्हणाला. “मी बुढापाऱ्याच्या गल्लीतून येत होतो, तं लोक विचारत, कुठं चालला रे नरहरी? मी छाती काढून सांगे, आज्याचं देणं फेडाले चाललो. वापस येताना त्याच लोकांनी मान खाली घातली. ज्याचं देणं त्याच्या रांजणात पडलं नाही, ते फिटलं कुठं? तवापासून ही घागर माझ्या डोक्यावर हाय, बाबा. उतरतच नाही. न मागता न्यायची तं पुन्हा हिंमत नाही झाली. आज मागाले आल्या. मले उतरवू दे.”

अनिमेषने खाली ठेवलेली लड उचलून गाठोड्यावर ठेवली.

“मारोती आज्यानं किती दिलं होतं?” नरहरीने विचारले.

“अर्धं,” गोदावरीबाई म्हणाल्या.

“मंग अर्धंच निघन. कमी नाही, जास्त नाही.”

“और हमारी जाँच?” अनिमेष म्हणाला.

“अर्धी पिंपं बंद ठेव. अर्धे खाणारे, अर्धा रंग. यांच्या आज्यानं तेच केलं होतं आपल्यासाठी. बोलणी खाल्ली, पर केलं.”

त्याने स्वतः हौदाशी बसून घागर भरली. तपकिरी, दाट, गरगरणारा गाळ. उरलेला न्यायला टँकर बोलावला होता. पण पहिली घागर डोक्यावरूनच जायची होती. नरहरीने ती उचलली, आपल्या डोक्यावर ठेवली, आणि दोन्ही हातांनी धरून, थांबत थांबत, फाटकापर्यंत गेला. अनिमेष मागून हात पसरून चालत होता, पण म्हाताऱ्याने त्याला घागरीला हात लावू दिला नाही. फाटकात गोदावरीबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि मान पुढे केली. त्याने घागर त्यांच्या डोक्यावर ठेवली. जन्मात त्यांनी कधी माणसांदेखत ओझे वाहिले नव्हते. गाळाची एक धार कपाळावरून ओघळली, भुवईशी अडली, आणि त्यांनी ती पुसली नाही.

भनपुरीला उतरल्यावरही त्यांनी ती तशीच डोक्यावर घेतली. छपराखालच्या बाया उठून उभ्या राहिल्या. या वेळी ते उठणे त्यांना सोसले. हौदाशी येऊन त्यांनी घागर उपडी केली. बायांनी आतला कुजका शेणकाला उपसून जागा केली, आणि मागून टँकर रिता झाला.

पण लगेच काही झाले नाही. पाणी लालच होते. गोदावरीबाईंनी हौदाच्या कठड्यावर पासोडी अंथरली आणि खुर्ची टाकून तिथेच बसल्या. यामिनी मोजून गूळ टाकत होती; आत्याने, आजोबा निळीच्या रांजणात घालीत तसे, चरोट्याचे म्हणजे टाकळ्याचे बी शिजवून आणले, ते तिने विचारपूस न करता ओतू दिले. तपासणीचा दिवस जवळ येत होता. बाई सकाळ-संध्याकाळ करंगळी बुडवून वास घेत आणि मान हलवत. नरहरीचे अर्धे विरजणही फुकट मारले, हा विचार त्यांना खुर्चीवरून उठू देत नव्हता. आपला कारखाना तर जाईलच, पण दोन घरांचे हौद एका बाईच्या हट्टापायी बुडाले, असे रायपूर म्हणेल. आणि खरेच म्हणेल.

मग एका सकाळी करंगळी नाकाशी नेली आणि ती तिथेच थांबली.

“यामिनी, इकडं ये. वास घे.”

यामिनीने घेतला. “घाण है.”

“गोडूस नाही लागत? खाली?”

यामिनीने पुन्हा घेतला. मग ती धावत जाऊन काचेचा पेला घेऊन आली. गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी लाल नव्हते. पातळ, फिकट, चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखे होते. दुपारी ते आणखी उतरले. पेला हातात धरूनच ती आत्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडली, आणि गोदावरीबाईंनी तिला रडू दिले.

अधिकारी आले तेव्हा पिंपांत तेच पाणी फिरत होते आणि त्यातून पिवळ्या लडी बिनडागाच्या निघत होत्या. त्यांनी बाटल्या भरल्या, सीलबंद केल्या, नेल्या. निकाल आला: कारखाना चालू राहील. नरहरीच्या अर्ध्या पिंपांचा नमुनाही निभावला. उरलेल्या अर्ध्या पिंपांच्या कामासाठी त्याने व्यापाऱ्यांची बोलणी खाल्ली, हे कलावतीने बाजारातून ऐकून आणले.

त्या दिवशी गोदावरीबाईंनी चिंच भिजत घातली. घागर आतून-बाहेरून त्यांनी स्वतः घासली. कोणाला हात लावू दिला नाही. तांबे लालबुंद उजळले. पोचा तेवढा राहिला.

“आत्या, दिवाळी है,” यामिनी म्हणाली. “थोड़ी करंजी तो रख दो.”

“दाणा नाही ठेवाचा. ठेवला का पुन्हा देणं सुरू.”

त्या गेल्या. नरहरी तसाच खुर्चीवर होता. या वेळी तो उठला. गोदावरीबाईंनी घागर त्याच्या हातात दिली आणि न सांगता समोरच्या खुर्चीवर बसल्या.

नरहरीने घागर उन्हात धरून आत पाहिले. मग ती उपडी केली आणि तळहातावर हलकेच आपटली. तळहातावर काही पडले नाही.